नागपूरच्या हॉटेलात राहून आलेला तुंबा

मी एक जुना तुंबा आहे, मित्रांनो, पाणी न्यायला केलेला पोकळ भोपळा, आणि नागपूरच्या एका मोठ्या हॉटेलात राहून आलेला आहे. या दोन गोष्टींपैकी पहिली तुम्हाला लगेच पटेल. माझ्या मानेला तडा गेला आहे, अंगावर धुराचा काळा थर आहे आणि पाणी धरायचं बळ आता उरलेलं नाही. दुसऱ्या गोष्टीवर कोणाचाच विश्वास बसत नाही. आडव्या वाशावर माझ्याशेजारी टांगलेली टोपली तर अजून मला थापाड्या समजते. समजू द्या तिला. ती बिचारी आठवडी बाजाराच्या पुढे कधी गेलेली नाही.

अहेरीपासून बरंच आत, जंगलातल्या एका लहान गावात माझा जन्म झाला. सोमारी नावाच्या बाईच्या छपरावर भोपळ्याचा वेल चढला होता, त्याला मी लागलो. माझी भावंडं कोवळी असतानाच भाजीत गेली. मला मात्र सोमारीनं वेलावरच ठेवून दिलं. थंडी सरत आली तेव्हा मी टणक झालो होतो. मग तिनं माझ्या मानेला भोक पाडलं, पोटात पाणी भरून आतला गर कुजवला, वाळू आणि खडे घालून मला इतकं हलवलं, इतकं हलवलं, की आतून मी साफ रिकामा झालो. तरीही पुष्कळ दिवस माझ्यातलं पाणी कडू लागायचं. ती रोज ते ओतून टाकायची आणि नवं भरायची. तिच्याइतका धीर मी पुढं कोणात पाहिला नाही. शेवटी एका सकाळी तिनं स्वतः एक घोट घेतला, मान हलवली, पळसाच्या मुळांची दोरी माझ्या गळ्यात बांधली आणि मला नवऱ्याच्या खांद्यावर अडकवलं.

तो नवरा म्हणजे बुधू. आमच्या गावचा मुखिया. पुढं सोमारी तापानं गेली, आणि तेव्हापासून बुधू माझ्याशिवाय कुठं गेला नाही. शेतावर, जंगलात, लग्नात, मयतीला, सगळीकडे मी त्याच्या बगलेत. लोक हसायचे. म्हणायचे, म्हाताऱ्यानं दुसरी बायको केली. मला त्याचा रागही यायचा आणि आतून बरंही वाटायचं.

आता नागपूरची गोष्ट सांगतो. देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. ज्याला तुम्ही चंद्रपूर म्हणता त्याला तेव्हा चांदा म्हणत, आणि नागपूर तेव्हा मध्यप्रदेशात होतं. हिवाळ्यात एक दिवस गावात जीप आली. तिच्यातून नागपूरच्या त्या हॉटेलचे मॅनेजर उतरले. माणूस गोड बोलायचा, हे कबूल केलं पाहिजे. त्यांच्या हॉटेलात साहेबलोक उतरत आणि त्यांना वाघाची शिकार हवी असे. म्हणून गावतळ्याच्या काठी एक बंगला आणि काही तंबू टाकायचे होते. साहेबांना वाढायला आणि रान उठवून वाघ बाहेर काढायला गावातलीच माणसं लागणार होती. जागा गावाची, म्हणून गावाचा होकार पाहिजे होता.

"बदल्यात गावाला पक्की विहीर बांधून देऊ," मॅनेजर म्हणाले. "दगडी. उन्हाळ्यातही आटणार नाही अशी."

विहीर! हा शब्द ऐकल्याबरोबर बायकांच्या घोळक्यात जी शांतता पसरली ती मला आजही आठवते. आमचं तळं होळीच्या सुमाराला कोरडं पडायचं. त्यानंतर बायका टेकडीपलीकडच्या नाल्यापर्यंत जायच्या, वाळूत झिरा उकरायच्या आणि वाटीवाटीनं घागर भरायच्या. आदल्या उन्हाळ्यात बुधूची सून सोनीबाई दिवस गेलेले असताना त्या टेकडीवर घागरीसकट पडली होती. ते मूल राहिलं नाही. घरात त्याबद्दल कोणी बोलत नसे.

पण आमच्या गावाची एक रीत होती. कोणी गावात राहायला येतो म्हटलं, की आधी गावचा एक माणूस त्याच्या घरी जाऊन राहायचा. त्याचं पाणी प्यायचा, त्याच्याकडे जेवायचा, तिथली माणसं एकमेकांशी कशी वागतात ते बघायचा. मग परत येऊन सांगायचा, हा माणूस आपल्यात चालेल की नाही. बुधूनं ही रीत मॅनेजरना सांगितली. ते हसले आणि म्हणाले, "मग या की! चांगले दोन-तीन दिवस राहा. आमच्यासारखी सेवा साऱ्या मध्यप्रदेशात मिळायची नाही."

निघायच्या दिवशी सोनीबाईनं मला काठोकाठ भरलं, माझ्या तोंडात पानांचा बोळा बसवला आणि खाली बघत म्हणाली, "मामाजी, हो म्हणूनच या."

बुधूनं मला खांद्यावर अडकवलं. त्याच्या मनातही हो म्हणायचंच होतं.

आलापल्लीहून सागवानाच्या लॉरीवर बसून आम्ही बल्लारशाला आलो आणि तिथून रेल्वेनं नागपूरला. हॉटेलच्या दारात पागोटेवाल्या दरवानानं आम्हाला अडवलं. त्याचा दोष नव्हता. गुडघ्यापर्यंत धोतर, अनवाणी पाय आणि खांद्यावर मी, असा पाहुणा त्यानं जन्मात पाहिला नसेल. पण मॅनेजर स्वतः धावत आले, बुधूला हाताला धरून आत घेऊन गेले. जाता जाता एका नोकराला हळूच म्हणाले, "तो भोपळा कोठीत ठेवून दे."

त्या नोकराचं नाव पत्रू. पांढरा कोट, कमरेला पट्टा, डोक्याला फेटा, आणि चेहरा मात्र आपल्याकडच्या धानाच्या बांधावर उभ्या असलेल्या माणसाचा. खोलीत आल्यावर त्यानं मला कोठीत न नेता खुर्चीच्या पाठीला नीट अडकवलं.

"कोनत्या गावचे, बाबा?" त्यानं विचारलं.

बुधूचा चेहरा उजळला. "अहेरीच्या आतला मी. अन् तू?"

"मी सिंदेवाहीकडचा. लई वर्सं झाली इथी."

खोलीचं वर्णन काय करू? गादी अशी की बुधू बसला आणि दचकून उठला. रात्री तो खाली सतरंजीवरच झोपला. चादरी बगळ्यासारख्या पांढऱ्या होत्या. छताला पंखा फिरत होता, आणि हिवाळ्यात वारा कशाला घालतात हे आम्हा दोघांनाही कळलं नाही. पण बुधू खरा थांबला तो न्हाणीघरात. भिंतीत नळ होता. पत्रूनं तो फिरवला आणि पाणी धो-धो पडू लागलं. बुधूनं घाईघाईनं तो बंद केला. मग थोड्या वेळानं एकट्यानं जाऊन पुन्हा उघडला, ओंजळभर पाणी घेतलं आणि पुन्हा बंद केला. ओंजळीतल्या पाण्याकडे बघत तो बराच वेळ उभा राहिला. "सोनीबाईनं पाह्यलं पायजे होतं हे," तो माझ्याशी बोलावं तसं म्हणाला. त्या क्षणी त्याला मॅनेजर भेटले असते तर त्यानं तिथंच होकार देऊन टाकला असता.

दुपारी जेवायची घंटा झाली. बुधूनं मला खांद्यावर घेतलं आणि आम्ही त्या मोठ्या दालनात गेलो. पांढऱ्या कापडाची मेजं, चांदीसारखे चमकणारे चमचे, सूटबूट घातलेली माणसं. सगळ्यांनी एकदा आमच्याकडे बघितलं आणि मग सभ्यपणानं नजर वळवली. बुधूला एका मेजाशी बसवलं. पत्रूनं समोर ताट ठेवलं. पुऱ्या, दोन भाज्या, भात, वरण, गोडाचं काहीतरी. वास असा की माझ्यासारख्या रिकाम्या पोटाच्या तुंब्यालाही भूक लागावी. वाढून झाल्यावर पत्रू बुधूच्या मागं जाऊन हात बांधून उभा राहिला.

बुधूनं ताटाला हात लावला नाही.

मित्रांनो, इथं मला आमच्याकडची एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या गावात पाहुणा कधी एकटा जेवत नाही. घरातलं कोणीतरी त्याच्याबरोबर बसतं आणि पहिला घास घेतं, मगच पाहुणा हात लावतो. यामागं कारण आहे. पावसाळ्यात घराघरातलं धान्य संपतं. अशा वेळी पाहुणा आला तर घरचे लोक उरलंसुरलं त्याला वाढतील आणि आपण उपाशी झोपतील. ते होऊ नये म्हणून आधी घरच्यानं घास घ्यायचा. आणि पाहुण्यानं हे तोंडानं मागायचं नाही. मागितलं तर घरच्याला वाटेल, याला आपल्या कोठीचा संशय आला. पाहुण्यानं नुसतं थांबायचं.

म्हणून बुधू थांबला. त्याच्या लेखी ते हॉटेल हे एक घर होतं आणि पांढऱ्या कोटातली माणसं त्या घरची मुलं. कोणीतरी येऊन बसेल, असं त्याला वाटत होतं. कोणी बसेना. पत्रूला वाटलं, पाहुण्याला जेवण आवडलं नाही. त्यानं पुऱ्या नेल्या आणि गरम आणल्या. भाजी बदलली. चटणी आणली. लोणचं आणलं. बुधू दर वेळी मान लववून जोहार करायचा आणि हात मांडीवर ठेवून बसायचा. आजूबाजूची मेजं एकेक करून रिकामी झाली. दालनात आम्ही तिघंच उरलो. बुधूच्या पोटातून आवाज आला. लगेच मागून, पत्रूच्या पोटातूनही तसाच आवाज आला.

बुधूनं वळून पाहिलं.

"बाबा, काऊन जेवत नाई?" पत्रू अगदी काकुळतीला येऊन म्हणाला. "काय कमी पडलं सांगा. मायावर बोल येईल."

"तू जेवला का?" बुधूनं विचारलं.

"मी? तुमी उठल्यावर जेवीन. पाहुना उठल्याबगर आमाले जेवता येत नाई. नेमच आहे तो."

"अन् मी तू बसल्याबगर जेवत नाई," बुधू म्हणाला. "आमचाबी नेमच आहे."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. एवढं अन्न समोर, आणि दोन माणसं एकमेकांसाठी उपाशी! मला हसू आलं आणि त्याच वेळी आत कुठंतरी दुखलंही. पत्रूनं दाराकडे पाहिलं. मग खुर्ची हळूच ओढली, तिच्या अगदी काठावर टेकला, पुरीचा तुकडा मोडला आणि भाजीला लावून तोंडात घातला. डोळे मिटून त्यानं तो घास खाल्ला.

"आता जेवा, बाबा," तो म्हणाला.

बुधू पुढं सरकला आणि जेवू लागला. तेवढ्यात दारात मॅनेजर दिसले. पत्रू ताडकन उठला. मॅनेजर ओरडले नाहीत, रागावले नाहीत. बुधूकडे बघून हसले आणि पत्रूला बोटानं नुसतं बोलावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन वेगळाच माणूस आला. बुधूनं पत्रूची चौकशी केली. तो माणूस कप ठेवून म्हणाला, "तो गेला," आणि झटकन निघून गेला. बुधूनं चहा घेतला नाही. मला खांद्यावर अडकवून तो थेट मॅनेजरच्या खोलीत गेला.

"या, या!" मॅनेजर उठून उभे राहिले. "कशी वाटली आमची सेवा? मोकळेपणानं सांगा."

बुधूनं खरंच मोकळेपणानं सांगितलं. चादरी स्वच्छ आहेत म्हणाला. दारात हात धरून आत आणलं, ते विसरणार नाही म्हणाला. नळाचं तर त्यानं तोंड भरून कौतुक केलं. मग म्हणाला, "पत्रू कुठी आहे?"

"त्याला काढून टाकलं. पाहुण्याच्या ताटात हात घातला त्यानं. आमच्याकडून तुमचा अपमान झाला. मी माफी मागतो."

"मीच बसवलं त्याले, साहेब. चूक असंल तर माही आहे." बुधूनं हात जोडले. "त्याले परत घ्या. दुपारी मायासंगं बसून जेवू द्या. म्या इथीच गावाचा होकार देतो."

मॅनेजरनी क्षणभर विचार केला. माणूस दुष्ट नव्हता, म्हणूनच त्याचं बोलणं मला जास्त लागलं. "तुम्ही होकार देत असाल तर त्याला परत घेईन," ते म्हणाले. "पण बसणं जमणार नाही. नोकर पाहुण्याबरोबर बसायला लागला तर हॉटेल चालेल कसं? आणि हे तुम्ही आत्ताच समजून घ्या, बुधूभाऊ. उद्या तळ्यावरच्या बंगल्यात तुमचीच पोरं वाढायला असतील. तुमचा बिरजू असेल. पगार चांगला देऊ, कपडे देऊ. पण साहेबलोक उठेपर्यंत त्यांना असंच उभं राहावं लागेल."

बिरजू म्हणजे बुधूचा मुलगा, सोनीबाईचा नवरा. त्याचं नाव ऐकल्यावर बुधूनं माझी दोरी मुठीत घट्ट धरली. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला त्या मुठीतून कळत होतं. हो म्हटलं तर पत्रूची नोकरी वाचते आणि गावाला विहीर मिळते. नाही म्हटलं तर दोन्ही जातात. मॅनेजरनी त्याच्यासाठी पाणी मागवलं.

"नाई, साहेब," शेवटी तो म्हणाला. "गावाचा होकार नाई."

त्यानंतर तो हॉटेलच्या मागच्या दाराशी जाऊन बसला. नोकरमाणसं तिथूनच ये-जा करायची. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तो पत्रूबद्दल विचारत होता. कोणी म्हणालं, गावी गेला. कोणी म्हणालं, स्टेशनवर हमाली शोधतोय. आम्ही स्टेशनवरही फिरलो. पत्रू भेटला नाही. पुढं आयुष्यभर कधीच भेटला नाही. मी सोमारीच्या मयतीच्या दिवशी बुधूजवळ होतो, पण त्याला रडताना मी पाहिलं ते नागपूरच्या स्टेशनवर.

गावात परतलो तेव्हा सगळे मोहाच्या झाडाखाली जमले. बुधूनं सगळं सांगितलं, काहीही लपवलं नाही. आपल्यापायी एका माणसाची रोजी गेली, हेही सांगितलं. लोक खवळले. एका हॉटेलवाल्याच्या जेवणाच्या रीतीपायी विहीर घालवली, हे कोणाला पटणार? मंगली नावाची शेजारीण तर उभी राहून म्हणाली, "तुमचं काय जाते, भाऊ? घागर तुमच्या डोक्यावर थोडीच येते!"

बुधूनं ते ऐकून घेतलं. तो खाली मान घालून बसला.

सोनीबाई मागं बसली होती. विहीर सगळ्यात जास्त तिला हवी होती, हे गावाला ठाऊक होतं. म्हणून ती बोलायला लागल्यावर सगळे गप्प झाले.

"मामाजी," तिनं विचारलं, "तो पत्रू त्या दिवशी जेवला का मंग?"

"एक घास," बुधू म्हणाला. "तेवढाच. मले जेवता यावं म्हणून."

 ती उठली आणि घरी गेली. पुढं कित्येक दिवस ती सासऱ्याशी कामापुरतंच बोलली. मला भरून द्यायची, पण बोळा बसवताना माझ्याकडे बघायची नाही. बुधू ते मुकाट्यानं सोसत होता.

बंगला पुढं नदीपलीकडच्या एका गावानं घेतला. तिथं विहीर झाली. चांगली झाली, पाणी बारमाही. आमचं तळं मात्र त्या वर्षीही होळीला आटलं. मित्रांनो, बुधूनं बरोबर केलं की चूक, हे मला अजून छातीठोकपणे सांगता येत नाही. टेकडी चढणाऱ्या बायकांचे श्वास मी ऐकलेले आहेत.

चैत्रातल्या एका दुपारी मी सोनीबाईबरोबर नाल्यावर होतो. बुधूला ताप होता, म्हणून ती मला भरायला घेऊन आली होती. बायका वाळू उकरत होत्या. झिऱ्यात पाणी फुटायला वेळ लागत होता. मंगलीनं कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाली, "तुया सासऱ्यानं घालवली आमची विहीर."

सोनीबाईचे हात वाळूत कोपरापर्यंत गेले होते. ती वर न बघता म्हणाली, "हो, घालवली. मलेबी लई राग येते. रोज येते." मग थोडं थांबून म्हणाली, "पण माहा बिरजू कोनाच्या मांगं उपाशी उभा नाई."

मंगली पुन्हा वाळू उकरू लागली. पाणी फुटलं. सोनीबाईनं पहिली वाटी माझ्यात ओतली आणि मला आधी मंगलीपुढं धरलं.

आता बुधू नाही. पत्र्याच्या आणि प्लास्टिकच्या बाटल्या आल्या, मला तडा गेला, आणि मी इथं धुरात टांगलेला आहे. माझ्यात सोनीबाई बी-बियाणं ठेवते, तेवढीच माझी किंमत. तक्रार नाही. फक्त तुमच्याकडे एक मागणं आहे. तुम्ही शिकाल, मोठे व्हाल, कधी अशाच मोठ्या हॉटेलात उतराल. चादरी कशा होत्या, जेवण कसं होतं, सेवा कशी होती, असं कोणीतरी तुम्हाला विचारेल. सांगण्याआधी तुमच्यामागं हात बांधून उभ्या असलेल्या माणसाकडे वळून बघा. तो जेवला का, ते त्याला विचारा. आणि तो "नाही" म्हणाला, तर पुढं काय करायचं ते तुमचं तुम्हाला ठरवावं लागेल. बुधूलाही ते एकट्यालाच ठरवावं लागलं होतं.